निकाल आधीच ठरलेला, मग टोकियो डोम भरतो कशाला?

दरवर्षी ४ जानेवारीला, जपानात नववर्षाच्या सुट्ट्या उरकत आलेल्या असताना, टोकियो डोम या बेसबॉलच्या छप्परबंद स्टेडियममध्ये मधोमध कुस्तीची रिंग बांधली जाते. न्यू जपान प्रो-रेसलिंग ही कंपनी १९९२पासून याच तारखेला इथे आपला वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम करते. २००७पासून त्याचं नाव ‘रेसल किंगडम’. चार-पाच तास एकामागून एक लढती, त्यातल्या बऱ्याचशा कुठल्या ना कुठल्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी, आणि सगळ्यात शेवटी हेवीवेट विजेतेपदाची. २०२० साली त्या एका दिवशी ४०,००८ माणसं आली होती. लहान मुलं सोडली तर बाकीच्यांना चांगलं ठाऊक होतं की कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं आहे.

आपल्याकडे एवढं कळलं की विषय संपतो. ‘नुरा कुस्ती’ म्हणायचं आणि चॅनेल बदलायचा. त्यातून नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळून मोठी झालेली पिढी घरोघरी आहे. अंडरटेकर खरंच मरून परत आला का यावरून वर्गात हमरीतुमरीवर आलेली, आणि पुढे ‘ते सगळं खोटं असतं’ हे कळल्यावर थोडी खट्टू झालेली. जपानी प्रेक्षकालाही हा प्रश्न पडून गेलाय. त्याने काढलेलं उत्तर मात्र वेगळं आहे.

संगीत नाटकाला जाणाऱ्याला गोष्टीचा शेवट पाठ असायचा. अमुक पद आज कसं रंगतंय ते ऐकायला तो जायचा आणि रंगलं तर ‘वन्स मोअर’ द्यायचा. डोममधला प्रेक्षक बराचसा त्याच जातीचा. फरक इतकाच की इथे गोष्ट अजून लिहून व्हायची असते, आणि प्रेक्षकाने दाद दिली की नाही यावर पुढचा अंक बदलतो. दहा वर्षं चाललेला असा एक अंक पुढे सांगतोच. त्याआधी यंत्र कसं चालतं ते पाहू.

ठरवतं कोण आणि ठरतं काय

निकाल ठरवणाऱ्याला बुकर म्हणतात. न्यू जपानमध्ये बरीच वर्षं हे काम गेदो नावाच्या माणसाकडे होतं. गंमत म्हणजे तो स्वतः रेसलर, आणि कंपनीचा सगळ्यात मोठा तारा काझुचिका ओकाडा याचा मॅनेजर म्हणून कित्येक वर्षं रिंगच्या कडेला उभा राहून ‘आमचाच जिंकणार’ म्हणून आरडाओरडा करायचा. ओकाडा जिंकणार की हरणार, हे कागदावर त्यानेच लिहिलेलं असायचं.

ठरतं ते असं: जिंकणार कोण, साधारण किती वेळ चालवायचं, शेवट कुठल्या डावावर. मधलं बरंचसं दोघं मिळून उभं करतात, समोरचा जमाव कसा आहे ते बघत. जमाव थंड असेल तर गती बदलायची, एखादा डाव उगवला नाही तर तो सोडून दुसरीकडे वळायचं. हे अर्धा-पाऊण तास, दमछाक झालेली असताना, समोरच्याला खरी इजा होऊ न देता करायचं. माझ्या मते हे चितपट करण्यापेक्षा सोपं अजिबात नाही. वेगळं आहे.

आणि लागतं. रिंग म्हणजे गादी नव्हे. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा थर आणि वरून ताणलेलं कापड. पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, दोन्ही हात पसरून जमिनीवर आपटायचे, म्हणजे धक्का एका जागी न बसता पाठभर वाटला जातो. या पडण्याच्या कलेला उकेमी म्हणतात, ज्युदोतही तिला हेच नाव. टोकियोच्या सेतागाया भागातल्या कंपनीच्या तालमीत नवीन पोरांना आधी हेच शिकवतात. पोरं तिथेच राहतात, हजाराने बैठका मारतात, मोठ्यांची कामं करतात, सुमोवाल्यांचा चांको हा मांस-भाज्यांचा रस्सा खातात. कोल्हापूरच्या तालमीत दिवस काढलेल्याला यात परकं काही वाटायचं नाही. सुरुवातीची काही वर्षं काळी चड्डी, काळे बूट, मोजके डाव, आणि वरिष्ठांकडून हरणं. मग परदेशात पाठवणी. परत येतो तेव्हा नवं नाव, नवे कपडे, नवा चेहरा.

उकेमी उत्तम येऊनही शरीर एके दिवशी हिशेब मागतंच. एप्रिल २०१७मध्ये कात्सुयोरी शिबाताने ओकाडाविरुद्धच्या विजेतेपदाच्या लढतीत डोक्यावर डोकं इतक्या जोरात आदळलं की त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तो धक्का खराच होता, त्यात काही राखलेलं नव्हतं. त्याची कारकीर्द तिथेच थांबल्यासारखी झाली. पुढच्या वर्षी हिरोमु ताकाहाशीची मान मोडली. दीड वर्षाने तो परतला आणि २०२०च्या ४ जानेवारीला डोममध्ये ज्युनियर गटाचा पट्टा जिंकला. त्याने जिंकायचं हे ठरलेलं होतं, कबूल. पण त्याची मान मोडायची, हे कुणी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी लोक रडले ते मोडलेल्या मानेसाठी.

थोडे नियम

दोन्ही खांदे टेकवून पंचाने तीन मोजले की हार. पकड असह्य होऊन शरणागती दिली तरी हार. दोरीला हात-पाय लागला तर पकड सोडावी लागते. रिंगच्या बाहेर गेलेल्याने परत आत यावं म्हणून पंच अमेरिकेत दहापर्यंत मोजतात, जपानात वीसपर्यंत, त्यामुळे बाहेरची मारामारी इथे ऐसपैस चालते. हेवीवेट विजेतेपदाच्या लढतीला ६० मिनिटांची मर्यादा. १०० किलोच्या आतले ज्युनियर हेवीवेट. त्यांचा पट्टा वेगळा, उड्याही वेगळ्या. जोडीच्या लढतींचे पट्टे आणखी वेगळे. मधल्या काळात पट्टे इतके वाढले की कंपनीच्या कट्टर चाहत्यांनाही ते मोजताना बोटं कमी पडू लागली. त्यात फार डोकं घालू नका. मुख्य पट्टा एकच, आयडब्ल्यूजीपी. १९८७ साली तो सुरू झाला तेव्हा पहिला विजेता होता कंपनीचा संस्थापक, अंतोनियो इनोकी. २०२१मध्ये तो दुसऱ्या एका पट्ट्यात विलीन करून नवा ‘वर्ल्ड हेवीवेट’ पट्टा आणला, त्यावर जुने लोक नाराज झाले.

नियमांपेक्षा महत्त्वाचं आहे ते कॅलेंडर. उन्हाळ्यात जी-वन क्लायमॅक्स नावाची साखळी स्पर्धा होते: गट, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, गटातले वरचे पुढे. महिनाभर जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावात लढती. ऐन उकाड्यात चाललेला हा रगाडा जो जिंकेल, त्याला ४ जानेवारीला डोममध्ये मुख्य विजेत्याशी लढायची संधी. म्हणजे ऑगस्टमध्ये लावलेलं रोप जानेवारीत फळतं, आणि मधले चार-साडेचार महिने प्रेक्षक तर्क लढवत बसतो.

नाइतोची दहा वर्षं

ऑगस्ट २०१३मध्ये ३१ वर्षांच्या तेत्सुया नाइतोने अंतिम लढतीत हिरोशी तानाहाशीला हरवून जी-वन जिंकली. बुकरच्या हिशेबाने हा उद्याचा नायक. पोरगा गुणी, देखणा, लहानपणापासून याच कंपनीचा चाहता. कागदावर सगळं बरोबर होतं, फक्त लोकांना तो आवडेना. त्याच्या नावाने थंड टाळ्या, मधूनमधून हुर्यो.

कंपनीने मग एक पाऊल उचललं, जे मला आजही जरा निर्दय वाटतं. ४ जानेवारी २०१४ला शेवटची, मानाची लढत कोणती असावी, यावर चाहत्यांचं मतदान घेतलं. एका बाजूला ओकाडा विरुद्ध नाइतो, मुख्य पट्ट्यासाठी. दुसऱ्या बाजूला शिन्सुके नाकामुरा विरुद्ध तानाहाशी, इंटरकाँटिनेंटल या दुय्यम पट्ट्यासाठी. लोकांनी दुय्यम पट्टा निवडला, आणि तोही चांगल्या फरकाने. जी-वनचा विजेता असूनही नाइतो शेवटून दुसरा लढला, आणि हरला.

इथे ‘ठरलेलं’ आणि ‘खरं’ यांची गाठ बसते. नाइतो हरणार हे कंपनीने ठरवलं होतं. लोकांना तो नको आहे, हे मात्र कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तो अपमान शंभर टक्के खरा होता, आणि पुढची दहा वर्षं कंपनी त्याच खऱ्या अपमानावर गोष्ट रचत गेली.

२०१५मध्ये नाइतो मेक्सिकोला गेला आणि तिथल्या ‘लोस इंगोबेर्नाब्लेस’ या टोळीत सामील झाला. नावाचा अर्थ साधारण ‘कुणाला न जुमानणारे’. परतला तो वेगळाच माणूस. आता त्याला कुणाची मर्जी राखायची नव्हती. रिंगमध्ये यायला मुद्दाम वेळ लावायचा, कोटाचं एकेक बटण सावकाश काढायचं, प्रतिस्पर्धी आणि पंच ताटकळलेले. विचारलं तर एकच उत्तर: ‘त्रांकिलो’, घाई करू नका. मधूनच बोटांनी डोळ्याची पापणी ताणून समोरच्याला दाखवायची. ज्या लोकांनी हुर्यो उडवली तेच आता त्याच्या टोळीच्या टोप्या विकत घ्यायला रांगा लावू लागले. २०१६मध्ये तो इंटरकाँटिनेंटल पट्टा त्याच्याकडे आला, ज्याने त्याची जागा घेतली होती तोच. त्याने तो कमरेला बांधला नाही. हवेत फेकला, आपटला, इतका की पट्टा अक्षरशः मोडकळीला आला. प्रेक्षकांना कारण सांगायची गरज नव्हती. त्यातल्या कित्येकांनी स्वतः मत दिलेलं होतं.

२०१८ला डोममधली शेवटची लढत अखेर त्याला मिळाली. सगळे धरून चालले होते की आता हा जिंकणार. ओकाडा जिंकला. २०२०मध्ये दोन दिवसांचा कार्यक्रम होता. ५ जानेवारीला नाइतोने ओकाडाला हरवून मुख्य पट्टाही घेतला आणि माइक हातात धरला. त्याच्या टोळीचा एक रिवाज आहे: शेवटी तो सगळ्या साथीदारांची नावं एकेक करून पुकारतो आणि ‘लोस इंगोबेर्नाब्लेस दे हापोन’ हे टोळीच्या जपानी शाखेचं नाव अख्खं सभागृह त्याच्यासोबत ओरडतं. डोममध्ये हे कधी झालेलं नव्हतं. ते आता होणार, तेवढ्यात केंता नावाचा रेसलर मागून आला, त्याला आडवा केला आणि त्याच्या अंगावर बसला. कार्यक्रम संपला. लोक दातओठ खात घरी गेले. खरं सांगायचं तर हा कंपनीचा आगाऊपणा होता. मिळवलेला क्षण दिला असता तर काही बिघडत नव्हतं. त्यांनी पुढचं पीक काढायचं ठरवलं. आणि मग कोरोना आला. जपानात सभागृहात ओरडायलाच बंदी, फक्त टाळ्या. ज्या घोषणेला हजारोंचे गळे लागतात ती कुणाच्या कागदावर नसलेल्या कारणाने पुढे ढकलली गेली.

२०२३ला नाइतोने पुन्हा जी-वन जिंकली. गुडघे गेलेले, एका डोळ्याच्या स्नायूच्या आजाराने समोरचं दुहेरी दिसायचं. ४ जानेवारी २०२४ला डोममध्ये त्याने आपल्याच जुन्या साथीदाराला, सानादाला हरवलं, माइक घेतला, नावं घेतली, आणि या वेळी सगळ्यांनी ओरडून दिलं. मतदानाने ठरलेल्या त्या रात्रीला बरोबर दहा वर्षं झाली होती.

एक डाव राखून ठेवणे

वर्षांची गोष्ट झाली, आता मिनिटांची. ४ जानेवारी २०१७, ओकाडा विरुद्ध कॅनडाचा केनी ओमेगा. लढत ४६ मिनिटं ४५ सेकंद चालली आणि जगभरच्या चाहत्यांनी जपानकडे मान वळवली ती त्या दिवशी.

प्रत्येक मोठ्या रेसलरचा एक हुकमी डाव असतो. ओकाडाचा ‘रेनमेकर’: प्रतिस्पर्ध्याला मागून धरून त्याचं मनगट पकडायचं, त्याला गर्रकन बाहेर फिरवायचं आणि हाताला हिसका देऊन परत ओढताना गळ्यावर दंड हाणायचा. ओमेगाचा ‘वन-विंग्ड एंजल’: समोरच्याला खांद्यावर बसवायचं आणि तिथून त्याला मानेवर पाडायचं. हा डाव बसला की समोरचा उठत नाही, अशी त्याची ख्याती कंपनीने जिवापाड जपली होती.

जानेवारीच्या लढतीत तो डाव एकदाही बसला नाही. ओमेगा पुन्हापुन्हा उचलायला जातो, ओकाडा निसटतो. ओकाडाचे रेनमेकर मात्र एकामागून एक बसतात आणि तो जिंकतो. जूनमध्ये दुसरी लढत. या वेळी डाव बसला, पण पंच मोजत असताना ओकाडाचा पाय दोरीवर गेला; ६० मिनिटं संपून बरोबरी. ऑगस्टमध्ये जी-वनच्या लढतीत डाव नीट बसला आणि ओमेगा जिंकला, पण पट्टा पणाला नव्हता. शेवटी जून २०१८, तीनपैकी दोन फेऱ्यांची लढत, त्याच डावावर ओमेगाने पट्टा घेतला आणि ओकाडाची ७२० दिवसांची सद्दी संपली. दीड वर्ष, चार लढती, आणि सगळ्याचा कणा म्हणजे एक राखून ठेवलेला डाव. बेरकी नाटककारही इतका धीर धरणार नाही.

‘खरं’ करायला गेले तेव्हा

जपानात या खेळाला वजन आलं ते रिकिदोझानमुळे. सुमो सोडून इकडे आलेला हा गडी. फेब्रुवारी १९५४मध्ये त्याच्या जोडीच्या लढती टीव्हीवर दाखवल्या गेल्या तेव्हा घरात टीव्ही असलेले लोक मोजकेच. रस्त्यावर आणि स्टेशनबाहेर लावलेल्या संचांपुढे गर्दी उसळली. युद्धात हरलेल्या देशाला धिप्पाड गोऱ्यांना लोळवणारा जपानी माणूस हवा होता. तो माणूस जन्माने कोरियन आहे, ही गोष्ट तेव्हा झाकून ठेवली गेली. डिसेंबर १९६३मध्ये नाइटक्लबमध्ये त्याला भोसकलं आणि आठवड्याने तो गेला. त्याच्या दोन चेल्यांनी, इनोकी आणि जायंट बाबा यांनी, १९७२मध्ये दोन वेगळ्या कंपन्या काढल्या. त्यातली इनोकीची ती न्यू जपान.

आपल्या लोकांचाही या इतिहासात हात आहे. पन्नासच्या दशकात दारा सिंग जपानात जाऊन रिकिदोझानशी लढले होते. पुढे पंजाबात जन्मून कॅनडात स्थायिक झालेला टायगर जीत सिंग तलवार घेऊन आला आणि इनोकीचा हाडवैरी झाला. १९७३मध्ये टोकियोच्या शिंजुकूत भररस्त्यात, बायकोबरोबर खरेदीला आलेल्या इनोकीवर त्याने हल्ला केला, पोलीस आले. ते ठरलेलं होतं का, यावर जपानी चाहते आजही वाद घालतात.

इनोकीचं एक वेड होतं: आमची कुस्ती सगळ्यात भारी आहे हे सिद्ध करायचं. त्यासाठी १९७६मध्ये तो मुहम्मद अलीशी लढला. १५ फेऱ्या, बहुतेक वेळ इनोकी जमिनीवर पडून लाथा मारतोय, निकाल बरोबरी. पुढे खऱ्याखुऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सची लाट आली तेव्हा आपले रेसलर तिथे पाठवायचा सपाटा लागला. ३१ डिसेंबर २००१ला युजी नागाता हा कंपनीचा भरवशाचा गडी मिर्को क्रो कॉपकडून २१ सेकंदांत हरला. ज्यांना कंपनीने वर्षानुवर्षं अजिंक्य म्हणून उभं केलं ते मिनिटभरही टिकेनात. ‘खरी’ लढाई दाखवायच्या नादात प्रेक्षक पांगले आणि न्यू जपानचं दशक काळवंडलं.

त्यातून बाहेर काढलं ते तानाहाशीने. लांब केस, हवेत वाजवायची गिटार, गावोगावी जाऊन हात मिळवणं. जुन्या चाहत्यांनी सुरुवातीला त्यालाही हुर्यो दिली. हा कसला पैलवान म्हणून. तो हटला नाही. २०१२मध्ये पत्त्यांचे खेळ काढणाऱ्या बुशिरोड कंपनीने न्यू जपान ५० कोटी येनला विकत घेतली आणि जाहिरातीला पैसा आला. डिसेंबर २०२३मध्ये तानाहाशी कंपनीचा अध्यक्ष झाला, तरी लढत राहिला, आणि ४ जानेवारी २०२६ला डोममध्येच ओकाडासमोर शेवटचा उतरला. ओकाडा दोन वर्षांपूर्वीच अमेरिकेतल्या कंपनीत गेला होता. खास त्या लढतीसाठी आला. नाइतोनेही २०२५मध्ये न्यू जपान सोडली.

पहिल्यांदा बघणार असाल तर पूर्ण कार्यक्रम बघायच्या फंदात पडू नका, तिसऱ्या तासाला कंटाळाल. कंपनीच्या स्वतःच्या स्ट्रीमिंग सेवेवर जुन्या लढती आहेत, मोठ्यांना इंग्रजी समालोचनही आहे. आधी २०१७ची ओकाडा-ओमेगा. पहिली वीस मिनिटं संथ वाटेल, तेव्हा पुढे सरकवू नका. शेवटच्या दहा मिनिटांत जे घडतं त्याची तयारी तिथेच चाललेली असते. मग नाइतोच्या लढती, वर्षांच्या क्रमाने: २०१४, २०१८, २०२०, २०२४. यातली २०१४ची तशी बेताचीच आहे, पण ती वगळलीत तर २०२०ला केंताचा राग येणार नाही.